पंधरा झाडांच्या तारखा

कटरे सरांनी लाल पेन्सिलीने एक उभा रकाना घेरला आणि वही फिरवून चंचलपुढे सरकवली. "काय हो मॅडम, तुमच्या गावची झाडं मीटिंग घेतात वाटतं? सगळी मिळून ठरवतात, उद्या पिकायचं म्हणून?" प्रयोगशाळेत दहा-बारा जण आपापल्या वह्या घेऊन रांगेत उभे होते, ते हसले. पुढचा नंबर त्यांचाच होता, तेव्हा हसून घेणं त्यांना भागच होतं. चंचलने रकाना पाहिला. ज्याच्या बीतून चारोळी निघते त्या चाराची पंधरा झाडं, आणि प्रत्येक झाडापुढे पहिलं पिकलं फळ दिसल्याची तारीख. पहिल्या वर्षी पंधराही झाडांपुढे २६ एप्रिल. दुसऱ्या वर्षी पंधराही झाडांपुढे २ मे. चालू वर्षाचा रकाना अजून रिकामा. या तारखा तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, दोनदा तपासल्या होत्या, आणि या क्षणापर्यंत तिला त्यांत काहीही वावगं दिसलं नव्हतं. सरांच्या बोलण्यापेक्षा याचीच तिला जास्त भीती वाटली. आता बघितलं तर तो रकाना एखाद्या आळशी पोराने चोरल्यासारखा दिसत होता.

"फुलांच्या तारखा बघ," सर म्हणाले. "एक नंबरचं झाड बारा फेब्रुवारी, दोन नंबर वीस, सहा नंबर थेट मार्चात. सगळ्या वेगवेगळ्या. म्हणजे फुलं पाहिलीस आणि फळं घरी बसून लिहिलीस. असं करायचं तर निदान डोकं लावून करावं." मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि ते तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं. "तुझ्याकडून नव्हती अपेक्षा, उईके. तीस तारखेला बाहेरचे परीक्षक येणार. प्रोजेक्टला ऐंशीच्या वर पडले तर नागपूरला एमएस्सीच्या यादीत तुझं नाव लागेल. हा रकाना असाच घेऊन बसलीस तर पाससुद्धा नाही करणार ते." तिने तोंड उघडलं. सांगायचं होतं की मी दर रविवारी गेले, पावसात गेले, तापात गेले, सहा नंबरच्या झाडाखाली अस्वलाची ताजी विष्ठा होती तरी गेले. पण तोंडातून निघालं ते "हो सर." तिचं नाव अंगणवाडीच्या बाईंनी ठेवलेलं. घरी सगळे म्हणत, बाईंनी दुसऱ्याच कोणाचं नाव हिला देऊन टाकलं, कारण ही पोर उत्तर द्यायला निघाली की समोरचा जेवून हात धुऊन येईल.

व्हरांड्यात डिंपलने तिला गाठलं. डिंपलचं घर गोंदियातच, बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि तिचा गच्चीवरच्या भाज्यांचा प्रोजेक्ट तिच्या मामेभावाने एका दुपारी टाइप केलेला. मनाने मात्र सोन्यासारखी मुलगी. पहिल्या वर्षी चंचलच्या डब्यातली अंबाडीची भाजी कोणी घेत नव्हतं तेव्हा हिने बोटं चाटून खाल्ली होती. "अरे यार, इतना क्या टेन्शन? दो-चार दिन इधर-उधर कर दे ना. एक नंबर चोवीस, दुसरा सत्तावीस, तिसरा एकोणतीस. किसको पता चलेगा? सर जंगलमध्ये येणार आहेत का बघायला?" चंचल म्हणाली, "नाही येणार." "मग?"  कोणी म्हणजे कोणी येणार नव्हतं. ती झाडं सौंदडपासून सात किलोमीटर आत, तिच्या गावाच्या मागच्या टेकडीवर होती, आणि ती कधी पिकतात याची जगात कोणालाही गरज नव्हती. गरज होती ती सरांना, असं तिला वाटत आलं होतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सर म्हणाले होते, की एकाच झाडाकडे तीन हंगाम न चुकता बघत राहील त्याच्याकडे असं काही जमेल जे माझ्याकडेही नाही. बाकीच्यांनी ते वाक्य वहीत उतरवलं. हिने ते खरं मानलं. त्या रविवारीच बाबा, म्हणजे मंगरू उईके, वनखात्याचे रोजंदारी मजूर, डेपोतल्या डब्यात उरलेला पांढरा रंग घेऊन तिच्याबरोबर गेले आणि पंधरा खोडांवर एक ते पंधरा आकडे घालून आले. पाचाचा आकडा त्यांनी उलटा काढला. तो अजून तसाच आहे.

दुपारच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. गोंदिया मागे पडलं, गिरण्यांची धुराडी गेली, उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्यागार सुरू झाल्या, आणि तिने वही मांडीवर उघडली. खोडरबर होतं, पेन्सिल होती. हिरडामाळी स्टेशन येईपर्यंत तिने एक नंबरपुढचे २६ खोडून २४ केले. मग दोन नंबरपुढे २८. हात थरथरेल असं तिला वाटलं होतं. तो मुळीच थरथरला नाही, आणि तिला स्वतःचाच राग आला. तीन नंबरला काय द्यावं? तीन नंबर म्हणजे नाल्याच्या काठचं, त्याच्या मुळाशी ओल राहते, तेव्हा ते उशिरा पिकत असणार. असणार! ती थांबली. सहा नंबरला फूल कधी येतं ते तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. चार नंबरचा मोहर खालच्या फांदीवर आधी येतो, हे तिने लिहून ठेवलं होतं. हिरवं फळ ज्वारीच्या दाण्याएवढं कधी होतं, वाटाण्याएवढं कधी, हेही होतं. आणि पिकल्यावर? तिने डोळे मिटून तीन नंबरचं झाड आठवलं. फुलांनी पांढरं झालेलं आठवलं. हिरव्या घोसांनी वाकलेलं आठवलं. त्यानंतर एकदम टोपली, दोर, बायकांचे आवाज, माय फांदी वाकवते आहे, काळ्या फळांनी सगळ्यांचे ओठ जांभळे. या दोन्हींच्या मधलं काहीच आठवेना. मधले आठ-दहा दिवस, ज्यांत हिरवं फळ काळं होतं, ते तिच्या डोक्यात नव्हतेच. त्या दिवसांत ती गेली होती, हे वहीत होतं. खोडाचा घेर मोजला, पानगळ लिहिली, मुंग्यांचं वारूळ लिहिलं. वर बघितलं नव्हतं का? बघितलंच असणार. वर न बघता कोणी झाडाखाली उभं राहतं का?

समोरच्या बाकावर एक बाई लेकराला कलिंगडाची फोड खाऊ घालत होती आणि बिया त्याच्या तोंडातून बोटाने काढत होती. ते बघता बघता चंचलच्या स्वतःच्या जिभेवर बोटाची चव आली. तंबाखू, रंधा मारलेलं लाकूड आणि बिडीचा धूर. ती सहा वर्षांची होती, बाबांच्या खांद्यावर होती, आणि जाता जाता डोक्याशी आलेल्या फांदीवरून तिने एक काळं फळ तोडून तोंडात टाकलं. नवं व्हायचं होतं अजून. गावात नवं होतं म्हणजे भुमका, गावचा पुजारी, टेकडीखालच्या देवाला पहिली चारं वाहतो. त्या दिवसापर्यंत कोणी तोडायची नाहीत, तोंडात घालायची नाहीत, आणि त्या दिवशी सगळ्या गावाने एकदम चढायचं. कधीही अंगावर हात न टाकलेल्या बाबांनी तिला खांद्यावरून खाली उतरवलं, तिच्या गालात बोट घातलं आणि ते फळ अर्धं चावलेलं बाहेर काढलं. ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र घाबरलेला होता. "दिसलं नाही असं समज," ते म्हणाले होते. "अजून नाही आलीत चारं. दिसून नाही राहिलीत, समजली?" आणि तिला समजलं होतं. फार चांगलं समजलं होतं! त्यानंतर नव्याच्या दिवसाआधी तिला कधी एकही काळं फळ दिसलं नाही. कॉलेजात गेली, सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या सालीची पेशी पाहिली, पंधरा झाडांखाली टेप घेऊन उभी राहिली, आणि डोक्यावर काळे घोस लोंबत असताना वहीत लिहीत राहिली, की फळ हिरवे. २६ एप्रिल आणि २ मे. ते नव्याचे दिवस होते. ती खोटं बोलली नव्हती. तिने घरी बसूनही लिहिलं नव्हतं. सर सांगत होते त्यापेक्षा ही गोष्ट वाईट होती, कारण चोराला निदान आपण काय चोरलं ते माहीत असतं.

सौंदड आलं तेव्हा तिने २४ आणि २८ दोन्ही खोडले. खोडलेल्या जागी कागद बारीक झाला होता. स्टेशनाबाहेर लावलेली सायकल तापून विस्तव झाली होती, तरी ती बसली आणि सात किलोमीटर एकदाही न उतरता गेली. पायडल मारताना ती हिशेब करत होती तो दिवसांचा. आज सतरा एप्रिल. तीसला परीक्षक. मध्ये बारा सकाळी. हिरवं ते काळं व्हायचा काळ नेमका हाच, म्हणजे उशीर झालेला नव्हता. मागची दोन वर्षं मेली होती, पण हे वर्ष अजून जिवंत होतं.

माय, धनवंता, अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. बाबा जंगलातल्या आगीच्या राखणीच्या पाळीवरून नुकतेच आले होते. पाय राखेने काळे. चंचलने पाणीसुद्धा न पिता विचारलं, "बाबा, यंदा नवं कधी आहे?" "पाच मेले," बाबा म्हणाले. "लखनबाबाच्या घरी सुतक हाये न. मंग थांबा लागते." लखनबाबा म्हणजे भुमका. पाच मे. म्हणजे जुन्या पद्धतीने गेली असती तर यंदाचा रकाना तीस तारखेला रिकामाच राहिला असता, आणि नवं झाल्यावर तिने बहुधा कसलीही शंका न घेता पंधरा वेळा ५ मे लिहिलं असतं. तिला हसू आलं आणि लगेच रडूही. मायने हातातलं सूप खाली ठेवलं. "काऊन व? काय झालं कॉलेजात?" चंचलने सांगितलं, अडखळत, सगळं. मायचं पहिलं म्हणणं सरळ होतं. "मंग लिहून टाक न मास्तर म्हनते तसं. तारखेनं काय झाडाले फोड येऊन राहिले?" बाबांनी पायांवरची राख धुतली. मग त्यांनी विचारलं, "तुले खरंच नाही दिसलं का पोरी? एवढं शिकून?" त्यात टोमणा नव्हता. त्यांनाच ते कळत नव्हतं. आणि मग, जणू गुन्हा कबूल करावा तसे हळूच म्हणाले, "मले बी नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी ती लखनबाबांकडे गेली. अंघोळ करून, केस बांधून, कारण सुतकाच्या घरी मागायला जायचं होतं आणि मागणं लहान नव्हतं. लखनबाबा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांच्या सुनेला, शामकलाला, मागणं ऐकताच राग आला. तिचा राग खोटा नव्हता. खेड्याखेड्यात व्यापाऱ्यांची माणसं आधीच फिरत होती; शेजारच्या गावात गेल्या वर्षी एका घराने नव्याआधी चोरून तोडली, ते पाहून दुसऱ्याने, आणि चार दिवसांत सगळी टेकडी कच्चीच ओरबाडली गेली. त्यांना बी मिळाली ती पोचट. "हे पोरगी आज वही घेऊन झाडाखाली जाईल," शामकला म्हणाली, "उद्या तिले पाहून दुसरी टोपली घेऊन जाईल. कॉलेजले चारं पायजेत त बाजारातून आना म्हना."  चंचलचं उत्तर तिच्या आत तयार होत होतं, नेहमीसारखं हळूहळू, आणि पहिल्यांदाच तिने त्याला घाई केली नाही. शामकला थकून थांबली. मग चंचल म्हणाली, "मी तोडनार नाही. खाली पडलेलं बी उचलनार नाही. मले फक्त पाहायचं हाये."

लखनबाबा दोर वळत राहिले. ते घरात गोंडीत बोलत, बाहेरच्यांशी झाडीबोलीत, आणि दोन्हींत थोडकंच. "पाहाले कोनं मनाई केली?" ते म्हणाले. चंचलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हात लावाची मनाई हाये. तोंडाची मनाई हाये. डोऱ्याची कोनं सांगितली तुले?" तिला बाबांचा घाबरलेला चेहरा आठवला, पण बाबांचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. ती म्हणाली, "कोनी नाही, बाबा. मीच." लखनबाबांनी मान हलवली. "हात मांगं बांधून पाहाजो," म्हणाले, आणि ते गमतीने म्हणाले की खरोखर, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने मात्र ते शब्दशः घेतलं.

त्या बारा सकाळी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण सकाळी होत्या, आणि हे कोणाला सांगून पटणारं नव्हतं, कारण बाहेरून बघणाऱ्याला एक मुलगी हात पाठीमागे घेऊन झाडाकडे बघताना दिसली असती, बस्स. कॉलेजची गाडी साडेआठची, म्हणून ती उजाडताच टेकडी चढायची. पहिल्या सकाळी तिला काहीच दिसलं नाही. पानं, उजेड, हिरवे घोस. ती एक नंबरच्या झाडाखाली इतका वेळ उभी राहिली की मान दुखायला लागली, आणि तिच्या मनात आलं, की हे माझ्याच्याने होणार नाही; काही माणसांना काही रंग दिसत नाहीत तसं मला हे दिसत नाही. गोंदियाची मुलं हसत होती तेच बरोबर. परत जावं, २४ आणि २८ लिहावं, नागपूर गाठावं, तिथे परदेशी झाडांवर प्रबंध लिहावा. मग एक बुलबुल आला. तो घोसात शिरला, चोच मारली आणि काहीतरी काळं तोंडात घेऊन उडाला. तो गेला तिथे ती बघत राहिली. त्याच घोसात, हिरव्यांच्या मध्ये, आणखी दोन होती. काळी. तुकतुकीत. तिथेच होती ती, डोळ्यांसमोर, दोन हातांवर! तिला गालात पुन्हा बाबांचं बोट आल्यासारखं वाटलं, आणि तिने आपोआप नजर खाली घेतली. खाली घेतलेली नजर तिने ओढून पुन्हा वर आणली. ओढून हा शब्द अगदी बरोबर आहे. विहिरीतून बादली ओढावी तसं जोर लावून. झाड क्रमांक एक, १९ एप्रिल, तीन फळे काळी, पैकी एक बुलबुलाने नेले. ती लिहिताना अक्षर वाकडं गेलं. मग ती खाली बसली आणि चांगली हुंदके देऊन रडली. आनंदाने की भीतीने, हे ठरवायच्या भानगडीत पडायचं नाही असं तिने ठरवलं.

त्यानंतर दिसायला लागलं. चार नंबर एकवीसला, आणि खालची फांदी आधी, मोहरासारखीच. सात नंबर बावीसला. उलटा आकडा असलेलं पाच नंबर चोवीसला, एकाच दिवसात अर्धं झाड. अकरा आणि बारा शेजारी शेजारी, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, तरी दोघांत पाच दिवसांचं अंतर. एके सकाळी शामकला मोहफुलं वेचायला जाताना वाटेत थांबली, आणि चंचलने हात खरंच पाठीमागे धरलेत का ते मागून येऊन बघून गेली.  गाडीत उभ्याने चंचल उरलेल्या विषयांचा अभ्यास करायची, दुपारी पेपर सोडवायचा सराव, संध्याकाळी मायबरोबर स्वयंपाक, आणि या सगळ्याच्या खाली पंधरा झाडं सारखी हलत असायची. तिला कधी नव्हे ती गाढ झोप लागत होती.

तीस तारखेला चौदा झाडांपुढे तारखा होत्या. नऊ नंबर टेकडीच्या पलीकडच्या, उत्तरेकडच्या उतारावर, सावलीतलं. ते हिरवंच होतं. मागच्या दोन वर्षांच्या रकान्यांवर तिने स्वतः पट्टी ठेवून तिरकी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं: "या तारखा झाड पिकल्याच्या नाहीत. या आमच्या गावाने तोडणी सुरू केल्याच्या आहेत. त्याआधी पिकलेली फळे झाडावर होती, पण निरीक्षकाला ती दिसली नाहीत. कारण निरीक्षक त्याच गावची आहे." हे शेवटचं वाक्य तिने तीनदा काढलं आणि तीनदा परत लिहिलं. परीक्षकांनी पान उलटलं, परत मागे आले, चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे तीन हंगामांचा प्रोजेक्ट, आणि कामाचा हंगाम एकच?" "हो सर." "आणि हे नऊ नंबर रिकामं?" "पिकलं नाही अजून." कटरे सर खुर्चीत पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर तिने आधी कधी न पाहिलेली घाई होती. "उईके, आज सकाळी पाहिलंस ना? एखादं तरी असेल पिकलेलं. तीस लिही. रकाना पूर्ण दिसेल." ते तिच्या भल्याचं सांगत होते. नागपूर तिथे टेबलावर होतं, पेन्सिलीच्या दोन आकड्यांएवढं जवळ. तिला ते हवं होतं, किती हवं होतं ते तिचं तिला माहीत. वसतिगृहाचं नाव, खोलीचं भाडं, कोणती बस जाते, सगळं तिने शोधून ठेवलेलं होतं. ती म्हणाली, "नाही पिकलं, सर. मी पाहिलंय." पहिल्यांदाच तिचं उत्तर प्रश्नाच्या मागोमाग आलं. सर मागे टेकले. मार्क पडले अठ्ठावन्न. डिंपलला ब्याऐंशी. डिंपलने तिला मिठी मारली आणि स्वतःच रडली. चंचलला वाईट वाटलं, खूप वाटलं, गाडी सौंदडला पोचेपर्यंत वाटत राहिलं. निघताना सरांनी वही परत देताना ते तिरकी रेघ मारलेलं पान पुन्हा उघडलं होतं. "याची झेरॉक्स देशील मला?" त्यांनी विचारलं होतं, आणि तिच्याकडे न बघता, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो." पण अठ्ठावन्नाचे साठसुद्धा झाले नाहीत.

पाच मेला नवं झालं. लखनबाबांनी पळसाच्या पानावर पहिली चारं वाहिली, आणि गाव टोपल्या घेऊन टेकडीवर सुटलं. हसणं, हाका, लेकरांची तोंडं जांभळी. चंचलही तोडत होती. मायच्या बाजूला, दोन्ही हातांनी, अधाशासारखी. दुपार कलताना बायका पलीकडच्या उतारावर उतरल्या आणि शामकलाने नऊ नंबरची फांदी वाकवली. "हे नोको तोडू, काकी," चंचल म्हणाली. शामकलाचा हात तसाच राहिला. "काऊन? आज त नवं झालं." "झालं. पन हे अजून पिकलं नाही." आजवर या टेकडीवर असं कोणी बोललं नव्हतं. नव्याच्या दिवशी सगळंच पिकलेलं असतं. त्या दिवशी हिरवं जे निघेल ते हिरवंच टोपलीत जातं आणि बी पोचट निघाली की पावसाला दोष देतात. बायका थांबल्या. माय मधे पडायला पुढे आली, "चंचल, सोड न व, एक झाड," पण चंचल जाऊन खोडाला पाठ लावून उभी राहिली होती.   "आठ-दहा दिवस लागतील," ती म्हणाली. "मी रोज पाहून राहिली. मंग सगळ्याईनं या. पन आज नाही." मागून काठी टेकत लखनबाबा आले. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. एक फळ तोडलं, दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकले. "कच्चं हाये," ते म्हणाले. आणि जरा थांबून, शामकलाकडे बघत, "सोडा हे झाड." शामकलाने फांदी सोडली. फांदी सपकन वर गेली.

बायका दहा नंबरकडे गेल्या. माय मागे राहिली. तिने टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "नागपूरच्या यादीत नाही आलं नाव, त मंग काय करशील?"

"पुढच्या साली परत फारम भरीन. अना ही पंधरा झाडं पाहीन."

"अना नाव आलं त?"

चंचलने हात पाठीमागे घेतले आणि वर, हिरव्या घोसांत बघायला सुरुवात केली.

"तरी पाहीन," ती म्हणाली.